कर्नेलमधील पॅचला प्रकल्पाचा दर्जा मिळावा

महोदय,

संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी पुण्यात लिनक्स कर्नेलवर, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करू लागलो, त्याला फार काळ लोटलेला नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले हे कर्नेल आज अँड्रॉइड फोनपासून महासंगणकांपर्यंत सर्वत्र चालते. तरीही त्यात बदल सुचवण्याची मुभा कोणालाही आहे, हे महाविद्यालयात आम्हाला कोणीच सांगितले नाही.

बदल पॅचच्या, म्हणजे कोडमधील नेमका फरक दाखवणाऱ्या मजकुराच्या, रूपाने ई-मेलवर पाठवावा लागतो आणि त्या भागाची जबाबदारी सांभाळणारा अनुभवी मेंटेनर तो ओळ न् ओळ तपासतो. स्पिनलॉक (सामायिक माहिती एका वेळी एकालाच हाताळू देणारे कुलूप) धरलेला असताना झोपी जाऊ शकणारे, म्हणजे मध्येच थांबून वाट पाहू शकणारे, फंक्शन वापरले, तर संपूर्ण यंत्रणा अडकू शकते. अशी चूक चाचण्यांत कित्येकदा दिसतही नाही, जाणत्याच्या नजरेला मात्र चटकन सापडते. उत्तर कधी रोखठोक असते, परंतु इतके कसदार शिक्षण मला वर्गात मिळाले नव्हते. नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, त्यामुळे नवख्यालाही फार काळ ताटकळावे लागत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय आपल्याकडे शेड्युलिंगची (प्रोसेसरवर कोणते काम कधी चालवायचे, याची) उदाहरणे सोडवण्यापुरताच उरतो, याची मनापासून खंत वाटते. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याचा कर्नेलमध्ये स्वीकारला गेलेला पॅच विद्यापीठांनी प्रकल्प म्हणून ग्राह्य धरावा, आणि नाकारला गेलेला असल्यास त्यावरील चर्चेलाही गुण द्यावेत, अशी माझी विनंती आहे.

– एक तरुण प्रोग्रॅमर, पुणे