टक्केवारीने संगणक जुळत नाही

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

घरी डेस्कटॉप जोडण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यातली ‘संतुलित संगणकाचं सूत्र’ ही चौकट मी कापून ठेवली आहे. ग्राफिक्स कार्डाला बजेटचे ४० टक्के, प्रोसेसरला २०, मदरबोर्ड, रॅम आणि डिस्कला प्रत्येकी १०, आणि उरलेल्या १० टक्क्यांत कॅबिनेट व एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). मॉनिटर हिशेबातच नाही. त्याहून मोठी तक्रार ही, की संगणकावर काम कोणतं करायचंय, हा प्रश्न त्या चौकटीत कुणी विचारलेलाच नाही.

मी बावीस वर्षं अक्षरजुळणी करते. पुस्तकांची पानं लावणं, जुने फोटो स्कॅन करून साफ करणं, मुखपृष्ठं. मागचा संगणक थकला तेव्हा भाच्याने नवा जोडून दिला. तो गेम खेळणारा, त्यामुळे वाटणी जवळपास आपल्या चौकटीसारखीच झाली. आठ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅमची एकच स्टिक, आणि कार्ड इतकं लांब की ते बसवायला कॅबिनेटमधला डिस्कचा पिंजरा काढावा लागला. हार्ड डिस्क मात्र जुनीच ठेवली. चालत होती ना!

पहिलंच काम चारशे पानांचं, तीनशेच्या वर फोटोंचं. जुन्या संगणकावर फाइल उघडायला टाकून मी दुसऱ्या पुस्तकाची प्रुफं तपासत बसायची. नव्यावरही प्रुफंच तपासत बसले. भाच्याने टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडला आणि म्हणाला, “मावशी, तुझा प्रोसेसर नऊ टक्क्यांवर झोपलाय. डिस्क शंभरवर आहे.” कारण साधं आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवी ती जागा फिरत हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायलाच सरासरी ४ मिलिसेकंदं जातात, हेड सरकायचा वेळ वेगळा. तीनशे फोटो डिस्कभर विखुरलेले असले की हे हजारो वेळा होतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही. ती बसवली आणि माझी प्रुफं मागे पडू लागली.

मग रॅम. ए-४ आकाराचं पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलं की ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख पिक्सेल होतात. प्रत्येकी ३ बाइट धरले तर एकाच लेअरला शंभर एमबीच्या वर. मुखपृष्ठाला दहा-बारा लेअर सहज होतात, शिवाय ‘अनडू’साठी जपलेल्या आधीच्या प्रती. १६ जीबी बघता बघता भरते आणि मग संगणक डिस्कवर लिहीत बसतो. आता ३२ जीबी आहे, १६च्या दोन सारख्या स्टिक. त्या मी स्वतः बसवल्या आणि शेजारशेजारच्या खाचांत घातल्या. मदरबोर्डच्या पुस्तिकेत दुसरी आणि चौथी खाच सांगितली होती. दोन्ही स्टिक एकाच चॅनेलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या एकाच वाटेवर) राहिल्या, म्हणजे माझ्या डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमला सेकंदाला ५१.२ जीबी मिळायला हवेत तिथे २५.६ची कमाल. तीसुद्धा कागदावरच, कारण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलेलंच नव्हतं आणि ३२००ची रॅम २१३३ने चालली होती. खाच बदलणं आणि एक सेटिंग, दोन्हीला पैसे पडत नाहीत. आपल्या लेखात यावर एक ओळ नाही.

संगणक-रचनाकार जीन अम्डाल यांनी १९६७ मध्ये अनेक प्रोसेसर जोडण्याबद्दल जो हिशेब मांडला, तो इथेही लागू पडतो. शंभर सेकंदांच्या कामात ग्राफिक्स कार्डाचा वाटा दहाच सेकंदांचा असेल, तर जगातलं सर्वांत वेगवान कार्ड आणलं तरी नव्वद सेकंदं बसूनच राहायचं. माझ्या कामात दहासुद्धा नसावीत. कार्ड काढून भाच्याला दिलं. प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर माझं सगळं चालतं. वाचलेल्या पैशांत रंग नीट दाखवणारा मॉनिटर घ्यायला हवा होता, हे छापून आलेलं एक मुखपृष्ठ बघितल्यावर कळलं.

एसएमपीएसला कॅबिनेटसोबत उरल्यासुरल्यात बसवलंत, तेही खटकलं. कार्ड भाच्याकडे गेलं आणि ऐन खेळात त्याचा संगणक धाडकन बंद पडू लागला. त्याचा जुना एसएमपीएस कार्डाने क्षणभर घेतलेला जादा भारही पेलत नव्हता. वर ‘८० प्लस’चा शिक्का होता, म्हणून तो निर्धास्त. तो शिक्का कार्यक्षमतेचा. ५०० वॅट देताना ८० टक्के कार्यक्षमता असेल तर प्लगमधून ६२५ वॅट ओढले जातात आणि १२५ची उष्णता होते, एवढंच त्यातून समजतं. आतले भाग कसे आहेत याबद्दल शिक्का गप्प असतो.

चौकट पुन्हा छापणार असाल, तर टक्के काढून टाका. वाचकाला आठवडाभर रोजचं काम करताना टास्क मॅनेजर उघडा ठेवायला सांगा आणि शंभरवर कोण जातं ते लिहायला लावा. पुढची खरेदी त्या यादीवरून करता येईल.

भाच्याने नवा एसएमपीएस घेतला, तेव्हा संगणक बंद पडायचा थांबला. मग गेमचं रिझोल्यूशन कमी केलं, तरी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढेनात. वाढवलं, तर कमीही होईनात. कार्ड अर्धं रिकामं आणि जुना चार कोअरचा प्रोसेसर घामाघूम. आता तो नवा प्रोसेसर बघतोय. त्यासाठी मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि त्यापायी रॅमही, कारण डीडीआर४ची स्टिक डीडीआर५च्या खाचेत बसत नाही. आपली चौकट मी त्याला अजून दाखवलेली नाही.

आपली,
एक अक्षरजुळणीकार वाचक