वाचनालयातल्या देवघेवीच्या काउंटरवरच्या काकांना

प्रिय काका,

हे तोंडावर सांगायला आले असते तर ‘बरं बरं, कार्ड द्या’ म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

साप्ताहिकात दर शुक्रवारी पुस्तकांविषयी लिहायचं मी कबूल केलं तेव्हा माझ्यासमोर एकच साचा होता, परीक्षणाचा. वर नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत. मग कथानक. मग ‘भाषा ओघवती आहे’. मग निःपक्षपातीपणा दिसावा म्हणून दोन मुद्रणदोष, आणि शेवटी ‘संग्रही असावे असे पुस्तक’. पतसंस्थेतली नोकरी सांभाळून दर आठवड्याला एक नवं पुस्तक मिळवायचं, वाचायचं आणि त्याचा निकाल लावायचा. दिवाळीपर्यंत दम निघाला. पुस्तक न वाचता परीक्षणं कशी लिहिली जातात याचा उलगडाही तेव्हाच झाला.

मदत मागितली नव्हती असं नाही. ज्यांना विचारायची रीत आहे त्यांना आधी विचारलं. एका प्राध्यापकांनी तासभर समीक्षेचे संप्रदाय समजावले आणि निघताना स्वतःचंच पुस्तक हातात ठेवलं, आत ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का. पुरवण्यांमध्ये उभी हयात घालवलेले एक गृहस्थ फोनवर म्हणाले, “परीक्षण सोडून पुस्तकावर लिहिण्यासारखं असतंच काय?” एका प्रकाशकांनी मात्र शब्द पाळला. पुस्तकं पाठवली, आणि त्यांच्यासोबत परीक्षणही पाठवलं. खाली फक्त माझं नाव घालायचं होतं. सगळी माणसं सभ्य, चहा पाजल्याशिवाय न सोडणारी. माझा प्रश्न मात्र कुणाच्या कानापर्यंत पोचला नाही.

तुमच्याकडे मी विचारायला आलेच नव्हते. पुस्तक परत करायला आले होते. तारखेचा शिक्का मारता मारता तुम्ही म्हणालात, “या शुक्रवारचं जरा ओढूनताणून झालंय.” मी म्हटलं, विषयच सुचत नाहीत. त्यावर तुम्ही ना सल्ला दिलात ना यादी. काउंटरची फळी उचललीत आणि म्हणालात, “आत या. इकडून बघा जरा.”

हे सगळं पत्र त्या फळीसाठी आहे.

मी लहानपणापासूनची सभासद. कपाटं पाठ, वर्तमानपत्रांचं टेबल पाठ, पण फळीच्या पलीकडे कधी गेले नव्हते. कार्यकारिणीतली मंडळी सोडली तर तिथे कुणी बसत नाही. तुम्ही स्वतःची खुर्ची मला दिलीत आणि संध्याकाळभर उभ्याने काम केलंत. ‘ही कोण’ म्हणून लोक बघत होते, तर “आपल्याच आहेत” एवढंच सांगत होतात. काका, इतक्या लोकांकडे गेले, पण मला आत घेणारे तुम्हीच.

तिथून पुस्तकं दिसलीच नाहीत. माणसं दिसली. एक आजी आल्या, “ते निळ्या कव्हरचं द्या, ज्यात विहीर आहे,” आणि तुम्ही शोधाशोध न करता थेट कपाटाकडे गेलात. अभ्यासिकेतला स्पर्धा परीक्षेचा मुलगा खाली मान घालून रहस्यकथा घेऊन गेला, तुम्ही ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिलीत. गाजलेली, पुरस्कार मिळालेली जाडजूड कादंबरी एका गृहस्थांनी दोन दिवसांत परत आणली. तुम्ही एवढंच विचारलंत, “कितव्या पानापर्यंत?” ते म्हणाले, “चाळीस.” तुम्ही हसलात, तेही हसले आणि दुसरं पुस्तक घेऊन गेले.

त्या रात्री मी आपल्या गावातले वाचक पुस्तकात कुठे येऊन थांबतात यावर लिहिलं. पुस्तक चांगलं की वाईट याचा एक शब्द नाही, लेखकाचं नावही नाही. सोमवारी पतसंस्थेत लोक पासबुक पुढे सरकवता सरकवता आपापली अर्धवट सोडलेली पुस्तकं कबूल करत होते. आमच्या मॅनेजरांनीसुद्धा केली.

पुढे विषय सुचवा असं तुम्हाला मी सांगितलं नाही आणि तुम्हीही कधी ‘यावर लिहा’ म्हणाला नाहीत. मी आले की एखादं पुस्तक काउंटरवर उघडं पडलेलं असायचं, एवढंच. एकदा एका जुन्या पुस्तकाचं मुखपृष्ठानंतरचं पान होतं. सन १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केल्याची खालची ओळ तुम्ही बोटाने दाखवलीत. ती मी शंभर पुस्तकांत पाहिली असेल आणि शंभरदा ओलांडून गेले असेन. घरी जाऊन शोधलं. छापखान्याचं नाव-गाव पुस्तकावर छापलंच पाहिजे आणि प्रती सरकारकडे पोचल्याच पाहिजेत असा तो कायदा. १८५७ ला दहा वर्षं झाली होती, आणि देशी भाषांत कोण काय छापतंय यावर सरकारला नजर ठेवायची होती. गंमत अशी, की त्या नजरेपायी जमलेल्या याद्याच आज जुनी मराठी पुस्तकं शोधणाऱ्यांना कामाला येतात. एका ओळीवर अख्खं सदर झालं.

मग किमतींवर झालं. ‘किंमत दोन रुपये आठ आणे’ छापलेलं आणि त्यावर अडीच रुपयांची चिठ्ठी डकवलेलं पुस्तक तुम्हीच ठेवलं होतंत. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा वाण्याच्या दुकानात काय गोंधळ झाला ते घरोघरी सांगतात. प्रकाशकांच्या गोदामात काय झालं असेल ते त्या चिठ्ठीने सांगितलं. मग अर्पणपत्रिकांवर. आईला, वडिलांना, गुरूंना अर्पण केलेली पुस्तकं ढिगाने निघाली. बायकोला अर्पण केलेल्या पुस्तकांत तिचं नाव छापलंय का, हे मात्र आपण दोघांनी मुद्दाम मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. निकाल दिसत होता.

बाइंडर आले तेव्हा तुम्ही फोन केलात. मी अर्धा दिवस रजा टाकून आले. फर्मे, म्हणजे शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सुटलेलं पुस्तक ते उसवतात कसं, पुन्हा शिवतात कसं, खळीत मोरचूद का घालतात (कसर लागू नये म्हणून, आणि घरी कुणी करणार असेल तर ते विष आहे, पोरांपासून लांब ठेवा), पुठ्ठ्यावर कापड चढवताना कोपरा कसा दुमडतात. त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. सदर छापून आलं तेव्हा त्यांनी त्या पानालाही पुठ्ठा चढवून आणला.

सगळ्यात जास्त पत्रं आली ती पोत्यांच्या लेखाला. माणूस गेला, मुलं शहरात किंवा परदेशात, फ्लॅटमध्ये जागा नाही, मग वाचनालयाला फोन येतो, “पुस्तकं न्यायची असतील तर रविवारपर्यंत न्या.” तुम्ही टेम्पो बघता, पोती उतरवून घेता. त्यातली निम्मी पुस्तकं आपल्याकडे आधीच असतात, काही वाळवीने खाल्लेली असतात. समिती म्हणते, जागा कुठाय? तरी तुम्ही एकेक उघडून बघता. एका निवृत्त शिक्षकांच्या पुस्तकांत तुम्ही मला समासातल्या पेन्सिलीच्या खुणा दाखवल्यात. पहिल्या वाचनाची तारीख, खाली दुसऱ्या वाचनाची तारीख, आणि एका ठिकाणी ‘हे तेव्हा पटले होते’. कुठलं पुस्तक ते मी छापलं नाही, सरांचं नावही नाही. तरी त्यांच्या मुलीचा फोन आला. ते पुस्तक तिला परत हवं होतं. दाखल नोंदवहीत चढायच्या आधीच तुम्ही ते बाजूला काढून ठेवलेलं होतं, कुणी मागेल म्हणून.

ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन तुम्ही ग्रंथपालांच्या प्रमाणपत्र वर्गात शिकलात. त्यांची १९३१ मधली पंचसूत्री घोकणारे बरेच असतील. ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे तिसरं सूत्र म्हणून दाखवताना खालच्या फळीवर वाकून, कोरी तारीखपट्टी असलेली, म्हणजे कुणी कधी घरी न नेलेली पुस्तकं काढणारे तुम्ही एकटेच मला भेटलात. तेव्हापासून महिन्यातून एक शुक्रवार कोऱ्या पट्टीचा. शिफारस नाही, परीक्षण नाही. शीर्षकाचं पान, आतला एक परिच्छेद आणि कपाटाचा क्रमांक. अशातल्याच एका, ऊस आणि गूळ यांवरच्या जुन्या पुस्तकाला पहिला शिक्का बसला त्या दिवशी तुम्ही मला भर कामाच्या वेळी फोन केलात, आणि मी गिऱ्हाईक समोर असताना घेतला.

शकांचं गणितही तुमचंच. ‘शके १८३१ म्हणजे किती?’ असं विचारून तुम्ही मला अठ्ठ्याहत्तर मिळवायला लावलेत. आलं १९०९. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली ते साल. त्यावर अजून लिहायचंय, ते शेवटी सांगते.

आता जरा बोलूनच घेते. तुमचा पगार अनुदानातून निघतो आणि अनुदान कधी येतं ते गावाला माहीत आहे. १९६७ चा ग्रंथालय कायदा, अ-ब-क-ड वर्ग, तपासणी, सगळे कागद तुम्ही वेळेवर भरता आणि पैसे त्यांच्या सवडीने येतात. इतकं असून कुणा सभासदावर तुमचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. ज्यांना बोलण्याचं मानधन मिळतं त्यांच्याकडे मला द्यायला वेळ नव्हता, आणि तुम्ही खुर्ची दिलीत. अशी माणसं प्रत्येक तालुक्याला असतात. पोस्टात एक असतं, एसटीच्या चौकशी खिडकीत एक असतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं देणारं एक असतं. गावगाडा त्यांच्यावर चालतो आणि सत्कार मात्र भलत्यांचे होतात, शाल-श्रीफळाचं दुकान आमच्या पतसंस्थेच्या खालीच आहे म्हणून सांगते.

कार्यकारिणीतले सन्माननीय सदस्य हे साप्ताहिक वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. काउंटरवरचा पंखा गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे. वार्षिक सभेत ठराव होईपर्यंत थांबायचं नसेल तर वर्गणीसोबत माझे पैसे घ्या आणि दुरुस्त करा.

आणि काका, पुढचे काही शुक्रवार दिवाळी अंकांच्या बांधीव संचांवर काढावेत म्हणते. आतल्या कथा-कविता नकोत, जाहिराती हव्यात. केसांची तेलं, काढे, चहा, पुढे ट्रान्झिस्टर, प्रेशर कुकर. संच माळ्यावर आहेत आणि शिडी तुमच्या कुलपात. शनिवारी बँकेला सुट्टी असली तरी पतसंस्थेला नाही, तेव्हा साडेपाचला येते. चिवडा मी आणते.

आपली,
शुक्रवारच्या सदराची लेखिका