मुलांच्या नोंदवहीला गुण द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या मुलांचं कौतुक आपल्या कानावर घालावं आणि त्यांच्यासाठी एक मागणं मागावं, म्हणून हे पत्र.

अंबाबाईचा किरणोत्सव आपल्याला ठाऊक असेलच. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा जानेवारी संपता संपता मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. आईचं बोट धरून ती गर्दी पाहत मोठ्या झालेल्या नववीतल्या दोन मुलींनी वर्गात विचारलं, हे वर्षातून दोनदाच का? मी फळ्याकडे वळले, तर त्यातली एक म्हणाली, "मॅडम, सांगू नका. आम्हीच काढतो."

शाळेच्या गच्चीवर त्यांनी एक काठी ओळंबा लावून उभी केली. रोज सूर्यास्ताला ठरलेली मिनिटं उरली की तिच्या सावलीची रेघ मारायची. खडू दवाने पुसला जायला लागला, तेव्हा एकीने घरातून उरलेला ऑइलपेंट आणला. रेघा दिवसागणिक सरकत गेल्या, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थबकल्या आणि मग माघारी फिरल्या. 1 फेब्रुवारीची रेघ 10 नोव्हेंबरच्या रेघेला जवळजवळ चिकटून आली. कॅलेंडर घेऊन दोघी मोजत बसल्या. 21 डिसेंबरच्या एक तारीख 41 दिवस आधी, दुसरी 42 दिवस नंतर. दक्षिणेकडे जाताना आणि परतताना सूर्य त्याच जागी मावळतो, पश्चिमेपासून साधारण 18 अंश दक्षिणेला, हे त्यांनी स्वतः काढलं.

मला जास्त अभिमान पुढच्या गोष्टीचा वाटतो. सावली तीच, जागा तीच, मग फेब्रुवारीतला सूर्यास्त नोव्हेंबरपेक्षा अर्धा तास उशिरा का? हा प्रश्न पुस्तकात नव्हता, मी विचारलेला नव्हता. तो त्यांच्या वहीतल्या वेळेच्या रकान्यातून वर आला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायची वेळ वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत राहते, आणि तिच्याबरोबर मावळायचीही. तिथवर पोहोचायला त्यांना बरेच दिवस लागले. मी फक्त लायब्ररीच्या कपाटाची किल्ली दिली.

ही वही घेऊन त्या एका विज्ञान प्रदर्शनाला गेल्या. परीक्षकांनी पहिला प्रश्न केला, "मॉडेल कुठाय?" मॉडेल नव्हतं. वही उघडलीच गेली नाही. परतीच्या एसटीत दोघी गप्प होत्या, आणि त्यांना काय सांगावं हे मला सुचेना.

साहेब, यात परीक्षकांना दोष द्यायचा नाही. त्यांच्या हातातल्या तक्त्यात मांडणी, आकर्षकपणा, सादरीकरण असे रकाने होते. अशा तक्त्यामुळेच बाजारात तयार मॉडेल विकली जातात, पालक ती घेतात, आणि सिरिंजचा जेसीबी वर्षानुवर्षं गावोगावच्या प्रदर्शनांत फिरत राहतो.

आमच्याकडे प्रश्नांना तोटा नाही. एका मुलाच्या घरचं गुऱ्हाळ आहे. काहिलीत भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी वर येते, हे त्याने जन्मापासून पाहिलेलं. त्याने उसाचा रस दोन पातेल्यांत उकळला, एकात भेंडी घातली, दुसऱ्यात नाही. दोन्हींवरची मळी काढून, वाळवून तागडीत तोलली. घरचा गुळव्या त्याच्याबरोबर वाकून पाहत होता! नदीकाठच्या गावातून येणारी एक मुलगी पावसाळाभर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहून ठेवते. 39 फूट इशारा, 43 फूट धोका हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. किती फुटांना तिच्या गावचा कुठला रस्ता बुडतो, याचा नकाशा ती करतेय. 2019 च्या पुरात पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा ती अगदी लहान होती.

केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाला प्रकल्पासाठी 10,000 रुपये मिळतात, ती सोय चांगलीच आहे. पण गच्चीवरच्या काठीला पैसे लागले नाहीत. लागला तो वेळ, आणि तो वेळापत्रकात कुठेच नाही. सहावीपासून पुढे आठवड्यातून एक जोडतास मुलांच्या स्वतःच्या प्रयोगांसाठी राखून ठेवा. त्या तासाला शिक्षकाला ऑनलाइन माहिती भरायला बसवू नये, एवढंही आदेशात लिहा, नाहीतर तो तास कागदावरच राहील.

आणि तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या प्रदर्शनांत निम्मे गुण नोंदवहीला द्या. तारीखवार नोंदी आहेत का, चुकलेलं मोजमाप खोडून न टाकता ठेवलंय का, आणि प्रश्न मुलाचा स्वतःचा आहे का, हे परीक्षकांनी वही हातात घेऊन आणि मुलाशी बोलून पाहावं. यासाठी नवा निधी लागत नाही. तक्ता बदलावा लागेल, आणि एका वहीला पंधरा मिनिटं द्यावी लागतील.

हे परिपत्रक दिवाळीच्या सुट्टीआधी निघालं, तर याच वर्षीच्या मुलांना त्याचा उपयोग होईल. त्या दोघी आता दहावीत आहेत. अर्ध्या तासाच्या त्या फरकाचा आलेख त्यांनी पूर्ण केलाय, आणि यंदा पुन्हा प्रदर्शनात उतरायचं म्हणतात.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर