वैशाखातले धबधबे आणि बाबांच्या जाळरेषा

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर बाबा "बरं आहे ना सगळं? घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात आणि आपलं दोघींचं बोलणं जेवणखाण, औषधं, शेजारच्यांची खबरबात यातच संपतं. म्हणून हे पत्र. आईचा नवा चष्मा अजून आला नसेल तर बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवावं.

गेल्या आठवड्यात आम्ही योसेमिटीला जाऊन आलो. आमच्या घरापासून गाडीनं चार-पाच तासांवर, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पाऊल टाकल्यापासून मला तुम्ही दोघं सारखी आठवत होता. आईला दाखवावं असं तिथे एक आहे आणि बाबांना दाखवावं असं दुसरं.

आई, आधी तुझं. आपला ओझर्डे धबधबा बघायचा तर आषाढ-श्रावणात, हो ना? दिवाळीनंतर त्याची धार बारीक होत जाते, आणि वैशाखात नुसता तापलेला कातळ उरतो. इथलं चक्र उलटं फिरतं. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. जे पडायचं ते नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये पडतं, आणि उंचावर त्याचा बर्फ होऊन साठून राहतो. मे महिन्याचं ऊन लागलं की तो वितळतो आणि ऐन वैशाखात सगळे कडे गर्जायला लागतात. आपल्याकडे कोयना दुथडी भरून वाहत असते त्या ऑगस्टच्या अखेरीला इथला सगळ्यात उंच धबधबा बहुधा कोरडा पडलेला असतो.

त्याला योसेमिटी फॉल्स म्हणतात. एकूण उंची 2,425 फूट, तीन टप्प्यांत. वरचा टप्पा एकटाच 1,430 फुटांचा, मग खडकांतून उसळत येणारा मधला, आणि शेवटी 320 फुटांची खालची उडी. या खालच्या धबधब्यासमोर लाकडी पूल आहे. आम्ही पुलावर पोचलो तेव्हा समोरून वाऱ्याबरोबर पाण्याचा असा मारा येत होता की डोळे उघडे ठेवता येईनात. वर लख्ख ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि आम्ही नखशिखांत भिजलेले. पाणी इतकं गार होतं, की कठड्याला धरलेली बोटं बधिर झाली. तुझा नातू आधी माझ्या पाठीमागे लपला, मग जो पुढे गेला तो मागे यायलाच तयार होईना. तू असतीस तर डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून तिथेच उभी राहिली असतीस.

तिथवर जायला चढ नाही. पूर्वेकडची वाट फरसबंद आणि जवळपास सपाट आहे, चाकांच्या खुर्चीवरचे लोकसुद्धा आरामात येत होते. दुसरा एक व्हर्नल नावाचा धबधबा आहे, त्याला सहाशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत, त्याही ओल्या. तिकडे तुला न्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं आहे.

रात्री एक गंमत कळली. अंथरुणावर पडल्यावर धबधब्याचा आवाज दिवसापेक्षा मोठा वाटत होता. रात्रीची शांतता म्हणून असेल असं मी समजत होते. पण दुपारच्या उन्हानं वर वितळलेल्या बर्फाचं पाणी खाली दरीत यायला काही तास लागतात, त्यामुळे ओढे-नाले संध्याकाळनंतर चढतात आणि रात्री पाणी खरोखरच जास्त असतं. मला कितीतरी वेळ झोप लागली नाही, लागावीशी वाटलीही नाही.

बाबा, आता तुमचं.

उद्यानाच्या दक्षिण टोकाला मारिपोसा ग्रोव्ह नावाची राई आहे. त्यात महाकाय सेक्वोयाची पाचशेहून जास्त पूर्ण वाढलेली झाडं आहेत. जगात हे झाड आपोआप उगवतं ते फक्त याच डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर. 30 जून 1864 रोजी, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी ही राई आणि योसेमिटीची दरी जनतेसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. राष्ट्रीय उद्यान त्यानंतर, 1890 मध्ये झालं.

ग्रिझली जायंट नावाचं तिथलं एक झाड सुमारे तीन हजार वर्षांचं आहे. उंची दोनशे फुटांवर, आणि त्याची एक फांदीच सात फूट जाडीची. पण मी तुम्हाला लिहिते आहे ते त्याच्या बुंध्यासाठी. बुंध्यावर खालपासून वरपर्यंत जळल्याच्या काळ्या खुणा आहेत. एवढे वणवे त्यानं अंगावर घेतले आणि अजून उभं आहे, फांद्या हिरव्या आहेत. जवळच्या दुसऱ्या झाडाची साल मी हातानं दाबून पाहिली. तांबूस, धाग्याधाग्यांची, नारळाच्या सोडणासारखी, दाबली की आत जाणारी. मोठ्या झाडांची साल दोन फुटांपर्यंत जाड असते आणि तिच्यात राळ जवळपास नसते, त्यामुळे ती सहसा पेट घेत नाही.

आणि बाबा, या झाडाचा वंश आगीवरच चालतो. फळ दोन-अडीच इंचांचं, घट्ट मिटलेलं, फांदीवर वर्षानुवर्षं तसंच राहतं. खालून आग गेली की तिच्या धगीनं ते वाळतं, उघडतं आणि बी खाली पडतं. बी इतकं हलकं की किलोभर घेतलं तर सुमारे दोन लाख भरेल. पालापाचोळ्याच्या जाड थरावर ते पडलं तर वाया जातं. त्याला उघडी माती लागते आणि वरून ऊन. ही दोन्ही आगच करून देते. इथल्या उद्यानखात्यानं विसाव्या शतकात बरीच दशकं प्रत्येक आग विझवली आणि मग लक्षात आलं की राईत नवी रोपं येईनाशी झाली आहेत, आणि पालापाचोळा, वाळकी लाकडं, दुसरी झाडं यांची नुसती दाटी झाली आहे. 1970 च्या दशकापासून ते स्वतःच, हवा आणि ओल बघून, थोडा थोडा भाग जाळतात. इथले मूळ रहिवासी, 'आवानीची' नावाच्या जमातीचे लोक, हे पूर्वीपासून करत होते. 1851 मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून त्यांना दरीतून हुसकावलं गेलं. हे वाचून मला फार वाईट वाटलं. जंगल ज्यांना कळत होतं त्यांनाच बाहेर काढलं.

माहितीच्या पाटीपुढे उभी राहून मला तुमचे फेब्रुवारी-मार्च आठवत होते. रात्री उशिरा तुम्ही घरी यायचात, अंगाला धुराचा वास, सदऱ्याला ठिणग्यांची भोकं. ओल्या फांद्यांनी झोडपून वणवा विझवलेला. आई न बोलता पाणी तापवायची. हे सगळं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. आपल्या कोयनेच्या रानातल्या जांभळीला, अंजनीला असली साल नाही. तिथे वणवा गेला की रोपं मरतात आणि गवत पुढे सरकतं. तुम्ही वाचवलं ते वाचवायलाच हवं होतं. पण तुम्हाला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. इथेही आग लावण्याआधी चारी बाजूंनी पाला काढून, माती उघडी करून पट्टा तयार करतात. तुमची जाळरेषा, बाबा! तीन हजार वर्षांच्या झाडाभोवती हेच काम होतं. चाळीस पावसाळे तुम्ही जे केलंत ते इथल्या माणसांना तुम्ही एका मिनिटात करून दाखवाल.

याचा उपयोग झालेलाही दिसला. जुलै 2022 मध्ये या राईत वणवा शिरला. ग्रिझली जायंटभोवती पाण्याचे फवारे लावले होते, पण मुख्य म्हणजे आधीच्या वर्षांत जाळून साफ केलेल्या भागात आल्यावर आगीला खायला फारसं उरलं नव्हतं. राई वाचली. दक्षिणेकडच्या राया इतक्या सुदैवी ठरल्या नाहीत. 2020 आणि 2021 च्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सेक्वोयांपैकी 13 ते 19 टक्के मेले असा अंदाज आहे. दुष्काळ, वाढलेली उष्णता आणि साठलेला पाचोळा एकत्र आले की दोन फुटांची सालही पुरत नाही. ही झाडं तुम्ही बघावीत अशी माझी घाई आहे ती यासाठीही.

आणखी एक तुम्हाला आवडेल असं. या झाडाला मोठं झाल्यावर सोटमूळ नसतं, मुळं उथळ आणि दूरवर पसरलेली. पूर्वी गाड्या थेट त्या मुळांवर उभ्या राहायच्या. 2015 ते 2018 राई बंद ठेवून त्यांनी तिथलं डांबर उखडून काढलं. आता गाडी दोन मैल अलीकडे लावायची, तिथून फुकट बस, आणि ओल्या जागी लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालायचं.

तेव्हा पुढच्या मे महिन्यात या. दरीची उंची चार हजार फूट, महाबळेश्वरपेक्षा थोडी कमीच. राई मात्र त्याहून उंचावर आहे, म्हणून बाबांच्या दम्याचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आईला जेवढं चालायचं तेवढ्यासाठी छोटी सपाट फेरी आहे, बसायला बाकं आहेत. "आम्ही तिथे येऊन काय करणार" हे यंदा मी ऐकणार नाही.

बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून कळवा, व्हिसाच्या तारखा लवकर घ्याव्या लागतात. आई, गुडघ्याच्या डॉक्टरांना लांबच्या विमानप्रवासाचं आत्ताच विचारून ठेव, आणि पायात सपाता घालून यायचं नाही, बूट मी इथून घेते, फक्त पायाचं माप कागदावर काढून पाठव.

तुमची,
सुमा