बाबांचं घड्याळ आणि माझा चार्जर

प्रिय आई-बाबा,

फोनवर रोज बोलतोच आपण, पण गोळ्या घेतल्या का आणि बीपी किती याच्या पुढे गाडी जातच नाही, म्हणलं जरा लिहूया.

गेल्या आठवड्यात मी पोरावर जाम ओरडले. माझा चार्जर सापडत नव्हता, शेवटचा त्याच्याच हातात बघितलेला, मग काय, त्याचं ऐकूनच घेतलं नाही आणि दहा मिनिटांनी चार्जर निघाला माझ्याच पर्समधून! खरं सांगते, सॉरी म्हणायला जीभ उचलेना. सहा वर्षांच्या पोरासमोर काय नमायचं, असलं काहीतरी डोक्यात. आणि बाबा, एकदम तुमचं घड्याळ आठवलं.

काच फुटलेली, मी नाही फोडली म्हणून घसा कोरडा केला तरी तुम्ही कानाखाली लावलीत. संध्याकाळी खिळ्यावर अर्धा तुटका पट्टा लटकलेला दिसला तेव्हा कळलं, ते आपलं आपणच पडलेलं. मग तुम्ही येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसलात आणि माझ्याकडे न बघता, माझ्या वहीकडे बघत म्हणालात, "माझं चुकलं. ऐकायला हवं होतं." आई, तू दारातच होतीस, मला दाट संशय आहे की तूच पाठवलेलंस त्यांना. (मारलं ते चूकच होतं हां, त्यात सूट नाही.)

मध्ये एड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाचा व्हिडिओ बघितला, १९७० च्या दशकातला प्रयोग आहे. आई बाळाशी मस्त खेळत असते आणि मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवते. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, किंचाळतं, शेवटी रडायला लागतं, बघवत नाही. मग आई परत हसते आणि बाळ सावरतं. त्याचं म्हणणं असं की नॉर्मल आई-बाळांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतात, बिनसलेलं परत जुळतं का ते महत्त्वाचं. म्हणजे तुम्ही पट्ट्याच्या दिवशी केलंत तेच की.

आणि हे घरापुरतं राहत नाही ना. ऑफिसात बघते, चूक झाली की वरचा खालच्यावर ढकलतो, खालचा सिस्टिमवर, पन्नाशीची माणसं पण 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द काढत नाहीत. पूर्वी राग यायचा, आता वाटतं यांच्या घरी कुणी कधी जमिनीवर येऊन बसलंच नसेल. सगळा दोष आई-बापांचा असं नाही म्हणत, पण ते पोरांना दिसणार कुठे, घरातच ना?

तर, गेले मी, बसले त्याच्या शेजारी. म्हणलं, चुकलं माझं. तो गाडीचं चाक बसवत होता, वर न बघता म्हणाला, "ओके. पण मग चार्जर होता कुठे?" सांगितलं तर पाच मिनिटं हसत होता माझ्यावर.

बाबा, ते घड्याळ अजून आहे का हो? असेल तर टाकू नका, आले की मी घेऊन जाईन.

तुमची,
ताई (धाकट्याला पण वाचून दाखवा)