झोन तीन पुरेसा नाही, गोव्याला मातीचा नकाशा हवा

मा. संपादक,

'गोवा झोन तीनमध्ये येतो, म्हणजे धोका मध्यम' एवढ्यावर आपल्याकडची भूकंपाची चर्चा संपते. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत पणजी झोन तीनमध्ये आहे आणि हिशेबाला 0.16 हा झोनचा गुणांक धरतात, हे बरोबरच. पण झोनचा तो नकाशा अख्ख्या देशाचा आहे. पठारावर चिऱ्याच्या खडकात पाया घेतलेले घर आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल चिखलाच्या जमिनीत, भराव टाकून उभी केलेली इमारत, दोन्ही त्याच्या लेखी एकच. हा फरक दाखवणारा नकाशा राज्याने स्वतः करून घेतला पाहिजे.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. 24 मीटर उंच, 16 मीटर रुंद, विटांच्या भिंतींनी भरलेली आरसीसी इमारत घ्या. संहितेच्या सूत्राने तिचा आंदोलनकाल, म्हणजे एकदा पुढे-मागे झुलायला लागणारा वेळ, 0.54 सेकंद येतो. कठीण जमिनीवर तिच्यासाठी प्रवेगाचा गुणक 1.85 निघतो, मऊ जमिनीवर 2.5. इमारतीचे वजन 3,000 टन आणि चौकट लवचीक तपशिलाची (न तुटता वाकेल अशा सळयांच्या मांडणीची) धरली, तर पहिल्या ठिकाणी सुमारे 89 टन आडवा जोर धरावा लागतो, दुसऱ्या ठिकाणी 120 टन. झोन तोच, इमारत तीच, जोर तिसऱ्या हिश्श्याने जास्त. आणि संहितेत जमिनीचे प्रकार तीनच आहेत. खाडीकाठचा खोल चिखल आपल्या आंदोलनकालाशी जुळणाऱ्या इमारतीला याहूनही जास्त हलवू शकतो.

26 जानेवारी 2001 च्या भुज भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून सुमारे 230 किलोमीटरवर होते आणि तेही झोन तीनमध्येच. तरी तिथे बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांत खाली मोकळे पार्किंग ठेवलेल्या कितीतरी होत्या. पणजीपासून कोयना साधारण 210 किलोमीटर. भुजचा धक्का 7.7 चा होता आणि 1967 चा कोयनेचा 6.3 च्या आसपास, म्हणून दोन्हींची थेट बरोबरी करणे चूक ठरेल. पण मऊ गाळावरची, स्टिल्टची (खाली नुसत्या खांबांवर उभी) इमारत दूरच्या धक्क्यानेही पडते, हे तिथे दिसले. देशाचा नकाशा तर घडलेल्या घटनांमागून सुधारत आला आहे. 1993 मध्ये किल्लारी हादरली तेव्हा ती सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती.

गोव्यात दोन प्रकारच्या जमिनी विशेष काळजीच्या. एक, मांडवी, झुवारी आणि साळ नद्यांकाठची खाजने. दुसरी, कळंगुट, कांदोळी, कोलवा अशी वाळूची किनारपट्टी. सुटी वाळू पाण्याने भरलेली असेल तर हादऱ्यात कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, वाळू काही क्षण द्रवासारखी वागते आणि उथळ फुटिंग (खांबाखालचा पाया) खचते किंवा कलंडते. झोन तीनसाठी 5 मीटर खोलीपर्यंत दुरुस्त एन-मूल्य (चाचणीत नळी जमिनीत ठोकायला लागणाऱ्या ठोक्यांची संख्या) किमान 15 आणि 10 मीटरच्या खाली 25 हवे. ते नसेल तर वाळू घट्ट करून पुन्हा चाचणी घ्यावी, नाहीतर पाइल (पायाचे खोल खांब) खालच्या घट्ट थरापर्यंत न्यावेत.

पठारावरही निर्धास्त राहू नये. चिऱ्याचे वरचे कवच कठीण लागते म्हणून बोअर (माती तपासायचे छिद्र) तिथेच थांबवतात. त्याखाली अनेकदा मऊ, पांढरट-तांबूस चिकणमातीचा थर असतो आणि पाणी मुरले की तो आणखी दुबळा होतो. बोअर कवच भेदून खाली गेलेच पाहिजे.

नकाशासाठी शून्यातून सुरुवात करायची नाही. पूल, सरकारी इमारती आणि मोठी गृहसंकुले बांधताना बोअर घेतलेलेच असतात. त्यांच्या नोंदी फायलींत पडून राहतात. त्या एकत्र करायच्या. प्रत्येक बोअरचे अक्षांश-रेखांश, जमिनीची पातळी, दर 1.5 मीटरला एन-मूल्य, मातीचे वर्णन आणि पाण्याची पातळी तारखेसह लिहायची. तारीख नसलेली पाण्याची नोंद गोव्यात निरुपयोगी आहे, कारण मेमधली पातळी ऑगस्टला लागू पडत नाही. मग जिथे बोअर नाहीत तिथे जमिनीवर ओळीने 24 जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारी उपकरणे) लावून, लोखंडी पट्टीवर हातोडा मारून वरच्या 30 मीटरमधला कर्तन-तरंगांचा (जमीन आडवी हलवणाऱ्या लहरींचा) वेग मोजता येतो; जमीन मऊ तितका तो कमी. खोदकाम लागत नाही. खाजनात आणि किनाऱ्यावर 500 मीटरच्या चौकटी घ्याव्यात, पठारावर 2 किलोमीटरच्या चालतील.

नकाशा हाती आला तरी साइटवरची रिंग (उभ्या सळयांना बांधणारी आडवी कडी) सुधारायला हवी. झोन तीनमध्ये आयएस 13920, म्हणजे भूकंपासाठी सळयांच्या मांडणीची संहिता, बंधनकारक आहे. रिंगचा हूक 135 अंशांत आत वळलेला हवा, पुढचे टोक रिंगच्या सळईच्या व्यासाच्या सहापट आणि किमान 65 मिलिमीटर. 90 अंशांचा हूक कव्हर (सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर) फुटताच उघडतो आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगांमधले अंतर 100 मिलिमीटरहून जास्त नको. बीम-कॉलमच्या सांध्यात बीमच्या सळयांच्या गर्दीमुळे रिंगा गाळल्या जातात, आणि सांधा नेमका तिथेच निकामी होतो. कॉलमच्या सळयांचा लॅप (दोन सळयांचा एकमेकींवरचा जोड) स्लॅबला लागूनच घेण्याची सवय मोडावी. तो मजल्याच्या मधल्या अर्ध्या उंचीत घ्यायचा असतो. स्टिल्टच्या मजल्यावर जिना आणि लिफ्टपुरती भिंत पुरत नाही, दोन्ही दिशांना काँक्रीटच्या भिंती लागतात.

नगर नियोजन खात्याने बांधकाम परवान्याच्या अर्जासोबत बोअरची नोंद संगणकीय स्वरूपात सक्तीची करावी आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या जुन्या नोंदी खुल्या कराव्यात. सुरुवात तिसवाडी, बार्देश, मुरगाव आणि साष्टी या चार तालुक्यांतून करावी, कारण भरावावरची आणि किनाऱ्यावरची दाट वस्ती तिथेच आहे.

– एक स्थापत्य अभियंता, फोंडा