भाड्याबद्दल एक शब्दही नाही

प्रिय सोन्या,

रविवारी तू बोलणं अर्धवट टाकून फोन ठेवलास. त्याआधी मी ‘भाडं’ हा शब्द सातव्यांदा उच्चारला होता, असं बाबांचं म्हणणं. ते शेजारी बसून मोजत होते. म्हणून आज लिहिते आहे, आणि नवी इमारत होईपर्यंत बाहेर राहणाऱ्या सभासदांना तू द्यायच्या भाड्याबद्दल काही लिहिणार नाही. सोसायटीची जुनी इमारत पाडून तू नवी बांधून देणार, त्या विकसन कराराचा मसुदा दोनदा वाचला. समासात पेन्सिलीने खुणा केल्यात.

आधी चांगलं सांगते, नाहीतर तू इथेच थांबशील. चोवीसपैकी बावीस सभासदांची लेखी संमती! सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या २०१९ च्या पुनर्विकास निर्देशांप्रमाणे ५१ टक्क्यांवर भागतं, तरी तू एकेका घरात जाऊन बसलास. निबंधकांचा अधिकारी हजर, सभेचं चित्रीकरण, इतिवृत्त, कशातही बोट ठेवायला जागा नाही. आत्याला फोनवर सांगितलं तर ती नुसतं ‘हं’ म्हणाली. तिचं तू जाणतोसच.

आता खुणा. प्रॉपर्टी कार्डावर भूखंड १०१२ चौरस मीटर आहे आणि तुझ्याच मोजणीत ९९४ भरतोय. तू हिशेबाला १०१२ धरलेस. दोन्हींत कमी असेल तेच धरायचं, आणि रस्तारुंदीत जाणारी पट्टी त्यातूनही वेगळी काढायची. १८ मीटर किरकोळ वाटतात. पण त्यावर मूळ एफएसआय (भूखंडावर किती बांधता येतं त्याचं प्रमाण), पालिकेला प्रीमियम भरून मिळणारा, टीडीआर म्हणजे बाहेरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, आणि वरून फंजिबल नावाचं ३५ टक्के जादा बांधकाम चढलं की विक्रीचं एक अख्खं छोटं घर गळतं. तुझ्या नफ्यात अशी किती घरं आहेत ते तूच मोज. विकास नियमावलीतल्या ३३(७)(ब) चा, म्हणजे पुनर्विकासात मिळणाऱ्या जादा बांधकामाचा, हिशेब मात्र बरोबर केलायस. जुन्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा घरामागे १० चौरस मीटर, यांत जास्त असेल ते. चोवीस लहान घरांना दुसरा हिशेब लाभतो, २४० मीटर मिळतात.

कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे होणं, मानीव आहे, मूळ मालकाच्या सहीऐवजी निबंधकांच्या आदेशाने झालेलं. चालतं. पण कार्डावर सोसायटीचं नाव चढल्याची प्रत आधी हातात घे. ‘अर्ज केलाय’ म्हणजे नाव चढलेलं नसतं.

कराराच्या कलम ११ मध्ये ‘३५ टक्के जास्त कार्पेट’, म्हणजे घराचं आतलं क्षेत्रफळ, एवढंच लिहिलंय. कुठलं कार्पेट? जुनी घरं तू भिंतीपासून भिंतीपर्यंत, खोलीखोलीने मोजलीस. रेरा या घरविक्रीच्या कायद्याच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरली जाते, बाल्कनी धरली जात नाही. ४०० चौरस फुटांचे ५४० होणार असं ऐकलेला माणूस ताबा घेताना टेप घेऊन येतो, आणि त्याला १५-२० फूट कमी भरतात. तू फसवलेलं नसतंस, पण त्याला ते पटत नाही. दोन्ही मोजमापं एकाच पद्धतीने, नकाशासकट, प्रत्येकाच्या सहीने करारालाच जोड. बंद केलेल्या बाल्कन्या आणि तळमजल्याचा ओटा मोजला की नाही, तेही त्यातच लिही.

खोदकामाचं. जमीन तपासायला दोनच बोअर घेतलेस, चारही कोपऱ्यांत घे. मुंबईच्या जमिनीत एका टोकाला दोन मीटरवर काळा पाषाण लागतो आणि दुसऱ्या टोकाला नुसता भराव. दाट वस्तीत सुरुंग लावता येत नाही, ब्रेकरने फोडत बसावं लागतं, आणि जेवढे महिने फोडत बसशील तेवढे महिने… नाही, लिहीत नाही. शेजारच्या इमारतीच्या भिंतींचे फोटो मात्र तारीखवार काढून, त्यांच्या सेक्रेटरीची सही घेऊन ठेव. नाहीतर पंधरा वर्षं जुनी भेगही तुझ्याच नावावर लागेल.

दसऱ्याला इमारत रिकामी करून घ्यायची, पाऊस गेल्यावर पाडायची आणि जूनच्या आत प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वर यायचं, हा तुझा बेत कागदावर चोख आहे. माझी हरकत क्रमाला आहे. तुझ्याकडे आयओडी, म्हणजे नकाशांची पालिकेकडून अटींसह मंजुरी, आहे; सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, नाही. आयओडीच्या अटीतच जुनी इमारत पाडा असं असतं, आणि सीसी प्रीमियम भरल्याखेरीज मिळत नाही. म्हणजे मध्ये असा एक काळ येतोच की माणसं बाहेर आहेत, घर पाडलंय आणि नवं बांधायची परवानगी अजून नाही. तेव्हाच बिल्डरचा पैसा आटतो, कारण प्रीमियमची रक्कम विक्रीतून येईल असं त्याने धरलेलं असतं आणि सीसीशिवाय महारेराची (रेराच्या राज्य प्राधिकरणाची) नोंदणी नाही, नोंदणीशिवाय विक्री नाही. जूनमध्ये त्या खड्ड्यात पाणी भरतं. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, ज्याला सगळे पत्रा चाळ म्हणतात, २००८ मध्ये पुनर्विकासाचा करार झाला. दशक उलटलं तरी तिथली ६७२ कुटुंबं बाहेरच होती.

तर, मी ठरवलं होतं ते मोडते. भाडं. चोवीस घरं, दरमहा ४० हजार. महिन्याला ९ लाख ६० हजार. दरवर्षी १० टक्के वाढ तू स्वतःच मान्य केलीस. तीन वर्षांचे ३ कोटी ८१ लाख होतात. एक वर्ष लांबलं तर वर आणखी १ कोटी ५३ लाख, आणि ते वर्ष तुझ्या तक्त्यात नाहीच. प्रकल्प वेळेवर होईल असं धरून तक्ता करायला हरकत नाही, पण मग शेजारी दुसरा तक्ता हवा.

प्रीमियमचा पैसा हातात येईपर्यंत एकाही घराची चावी घेऊ नकोस. पहिल्या बारा महिन्यांचं भाडं त्यांच्या खात्यात जमा कर. पुढच्या बारा महिन्यांचं वेगळ्या खात्यात ठेव, तुझी आणि सोसायटीची सही असल्याशिवाय पैसे निघणार नाहीत असं. निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे. ‘ते नुसते मार्गदर्शक आहेत’ असं वकील म्हणतील. म्हणू देत. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के ज्यात वेगळे ठेवायचे ते महारेराचं खातं विकत घेणाऱ्यासाठी आहे. जुना सभासद काही विकत घेत नाही. तो तुझ्या भरवशावर स्वतःचं घर देतो.

भाषण झालं. माफ कर. तुला हे माहीत नाही असं नाही. तू नऊ वर्षं मोठ्या कंपनीत हेच केलंस. फरक एवढाच की तिथे चेक न वटल्यावर फोन दुसऱ्या कुणाला जायचा.

आत्याचं प्रतीक्षानगर तुला आठवत असेल. तुझ्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्या संक्रमण शिबिरातच गेल्या. तुला ते तिचं खरं घर वाटायचं. काकांनी नव्या घरासाठी घेतलेला पितळी कोयंडा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर पडून होता, तो तू एकदा खेळायला काढलास आणि आत्या तुझ्या अंगावर ओरडली. नंतर तिनेच तुला आंबा कापून दिला. तो कोयंडा कुठे गेला कोण जाणे.

संमती न दिलेल्या दोघांबद्दल. मुंबईत बहुमताचा ठराव सगळ्यांना बांधतो. लवाद कायद्याच्या कलम ९ खाली उच्च न्यायालयातून ताबाही मिळतो. वकील तेच सुचवतील. तळमजल्याच्या आजींकडे आधी तू जा, वकील नको. त्यांना जास्त जागा हवी आहे असं मला वाटत नाही. शेअर सर्टिफिकेट यजमानांच्या नावावर, नॉमिनी एक मुलगा, वारस तिघं. पर्यायी घराच्या करारावर सही कोण करणार आणि घर कुणाचं होणार, याची त्यांना धास्ती असेल. नॉमिनी मालक नसतो. तिघा वारसांना एकत्र बसवून हक्कसोडपत्र किंवा वारस दाखला करून घे. खर्च तू कर.

बाबांनी मसुद्यावर सहा ठिकाणी शुद्धलेखन सुधारलंय. शनिवारी रात्री ये, कागद इथेच आहेत. रागावलेला असलास तरी ये, जेवताना मी काही बोलणार नाही.

तुझी,
आई

ता. क. बाहेरच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो. म्हणजे तीन वर्षांत दलाली तीन-चारदा आणि सामान हलवण्याचा खर्च निदान दोनदा. तक्त्यात एकेकदाच धरलाय.